भिंतीवरची नोटीस आणि शेजारचा माणूस

(महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



जोतीराव फुले म्हटलं की भिडेवाड्यातली शाळा, सत्यशोधक समाज आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ आधी आठवतात. पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून 1876 ते 1882 या काळात त्यांनी केलेल्या कामाकडे त्या मानानं कमी लक्ष जातं. ते सरकारनियुक्त सभासद होते, म्हणजे सरकारच्या मर्जीनं आत आलेले. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून सजावटीवर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा नियुक्त सभासदांपैकी ते एकटेच विरोधात उभे राहिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. हा प्रसंग चरित्रांतून आवर्जून सांगितला जातो. 1880 मधला दुसरा प्रसंग आजच्या विषयाला अधिक जवळचा आहे. पुण्यात दारूची दुकानं वाढत चालली होती आणि फुल्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून त्याला हरकत घेतली.

त्या हरकतीत वस्तीची एक जुनी अडचण दिसते. परवाना देतो एक जण, परवान्यावर कमावतो दुसरा, आणि त्या दुकानाच्या दारासमोर रोज राहतो तिसराच. हे व्याख्यान त्या तिसऱ्याबद्दल, शेजाऱ्याबद्दल आहे.

महापालिकेच्या विभाग कार्यालयातून वर्षभर कागद निघत असतात. धोकादायक इमारतींच्या नोटिसा, झाडांच्या छाटणीचे फलक, खाद्यगृहांचे परवाने, मंडपांच्या परवानग्या, पाणीकपातीचं वेळापत्रक, मोठ्या भरतीचे दिवस, डेंग्यू-लेप्टोच्या सूचना. यातल्या बऱ्याच कागदांना कायद्यानं एक देणारा आणि एक घेणारा ठरलेला असतो. नोटीस मालकाला, परवाना दुकानदाराला, परवानगी मंडळाला. ती भिंत ज्याच्या अंगावर पडू शकते किंवा ज्याच्या खिडकीखाली सिलिंडर रचले जातात, त्याचं नाव या व्यवहारात कुठेच नसतं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या शहरांत झालेल्या अनेक दुर्घटनांचे कागद नंतर उलगडले, तेव्हा धोक्याची काही ना काही नोंद कुठल्या तरी टेबलावर आधीच होती असं निघालं. ती रस्त्यापर्यंत आलेली नव्हती.

मुंबईपासून सुरुवात करू. या शहराचा कारभार आजही 1888 च्या कायद्यानं चालतो, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. शहराचे वर्षानुवर्षं 24 प्रशासकीय विभाग होते; अलीकडे मोठ्या विभागांची फोड करून त्यांत भर पडली. इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे हे विभाग मुंबईकराच्या तोंडी रुळलेले आहेत: जी-उत्तर म्हणजे दादर-माहीम-धारावी, एल म्हणजे कुर्ला, एन म्हणजे घाटकोपर. प्रत्येक विभागावर एक सहायक आयुक्त आणि त्याच्या हाताखाली खाती. इमारत व कारखाने, अनुज्ञापन, आरोग्य, परिरक्षण, घनकचरा, उद्यान, दुकाने व आस्थापना. अग्निशमन दल वेगळं. पोलीस तर राज्य सरकारचे. दक्षिण मुंबईतल्या जुन्या, उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाकडे.

रस्त्यावर मात्र ही सगळी खाती एकाच भिंतीत येऊन मिळतात. तळमजल्यावर हॉटेल आहे अशी चार मजली इमारत घ्या. हॉटेलचा परवाना आरोग्य खात्याकडून, आगीचं ना-हरकत अग्निशमन दलाकडून, पाटी मराठीत आहे की नाही हे दुकाने खातं पाहणार, आणि मालकानं आतला खांब कापून दालन मोठं केलं तर तो विषय इमारत व कारखाने खात्याचा. वर राहणाऱ्या कुटुंबाला यातलं एकच कळतं: खालून ड्रिलिंगचा आवाज येतोय.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला एक चार मजली इमारत अशीच कोसळली. तळमजल्यावरच्या जागेत फेरफार चालू होते. 17 माणसं गेली. तळमजल्यावरचं काम कोणाच्या परवानगीनं चाललंय, हे वरच्या मजल्यावरच्या माणसाला जिना उतरून वाचता येईल असं तिथे काहीच लावलेलं नसतं, आणि लावलं पाहिजे असा दंडकही कुठे पाळला जात नाही. त्याआधी चार वर्षं, 27 सप्टेंबर 2013 ला, माझगावातली बाबू गेनू मंडईची इमारत पडली होती. 61 मृत्यू. ही इमारत खुद्द महापालिकेची होती आणि तिच्यात पालिकेच्या बाजार खात्याचे कर्मचारी आपापल्या कुटुंबांसह राहत. ती दुरुस्तीला आल्याचं पालिकेच्या कागदांत आधीच आलेलं होतं. तळमजल्यावरच्या मंडप-सजावटीच्या गोदामातल्या फेरफारांकडे नंतर तपासाचा रोख वळला. इथे नोटीस देणारा, घर देणारा आणि पगार देणारा एकच होता, राहणारेही त्याचेच नोकर होते, तरीसुद्धा ती माणसं त्या सकाळी घरात झोपलेली होती.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर धोकादायक इमारतीच्या नोटिशीचा प्रवास पाहायला हवा. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पालिका आणि म्हाडा आपापल्या याद्या जाहीर करतात. पालिकेच्या भाषेत ‘सी-1’ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीनं रिकामी करून पाडण्याजोगी. त्याखाली सी-2ए, सी-2बी, सी-3 अशा मोठ्या दुरुस्तीपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंतच्या पायऱ्या. 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मालकानं किंवा सोसायटीनं करून घ्यायची असते. इमारत सी-1 ठरली की त्याच 1888 च्या कायद्याच्या कलम 354 खाली नोटीस निघते, वीज-पाणी तोडलं जातं, पोलीस बोलावले जातात.

भाडेकरू मात्र उठत नाहीत. त्यांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात मालकाच्या अभियंत्याचा अहवाल सी-1 सांगतो, भाडेकरूंनी नेमलेल्या अभियंत्याचा अहवाल दुरुस्तीनं भागेल म्हणतो, आणि दोन अहवालांतला तंटा पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातो. पागडीच्या घरात तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला छतापेक्षा हक्काची भीती जास्त वाटते. पाडकामाआधी प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि त्याच्या जागेचं क्षेत्रफळ नोंदवून घ्यायचं असतं, आणि त्या नोंदीवर पुढे त्याचा परतीचा हक्क टिकतो. ही तरतूद त्याच्या सगळ्यात कामाची. पण भिंतीवर चिकटवलेल्या कागदाचं बहुतेक अंग कलमांनी आणि ‘जीवित व वित्तहानी झाल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही’ या छापाच्या वाक्यानं भरलेलं असतं. कुठे जायचं, किती दिवसांसाठी, सामान कोण हलवणार, नोंद कोणाकडे करायची, यांची उत्तरं त्या कागदावर शोधावी लागतात आणि बहुधा सापडत नाहीत. पुढे चौकशी झालीच तर कार्यालयाच्या फायलीत नोटिशीची प्रत असावी, एवढ्यासाठी तो कागद लिहिलेला असतो.

शेजारच्या इमारतीला तर नोटीस लागूच नसते. सी-1 इमारतीला लागून असलेल्या चाळीतल्या लोकांना, तिच्या सावलीत भाजी विकणाऱ्या बाईला, गल्लीतून शाळेत जाणाऱ्या मुलांना कायदा ओळखतच नाही.

हा धडा सगळ्यात भयंकर रीतीनं शिकवला गेला 13 मे 2024 रोजी. घाटकोपरच्या छेडानगरमध्ये अवकाळी वादळात एक अवाढव्य जाहिरात फलक शेजारच्या पेट्रोल पंपावर आडवा झाला. पावसापासून आडोसा घ्यायला लोक तिथे थांबले होते. 17 जण मेले. पालिकेच्या धोरणात फलकाची कमाल मर्यादा 40 बाय 40 फूट आहे. हा फलक त्याच्या कित्येक पट होता. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. आमची परवानगी घेतलेली नाही, असं पालिका म्हणाली. रेल्वेच्या जागेवर पालिकेची परवानगी लागते की नाही, यावरचा वाद जुनाच. फलक नीट दिसावा म्हणून आसपासच्या झाडांना विष घातल्याची तक्रार आधीच दाखल झालेली होती, म्हणजे उद्यान खात्याला तो फलक चांगला माहीत होता. पुढे निवृत्त न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची चौकशी समिती नेमली गेली. तोवर पंपावर रांगेत उभ्या राहणाऱ्या रिक्षावाल्याला डोक्यावरच्या त्या सांगाड्याला मंजुरी कोणाची, पायाची तपासणी कधी झाली, यातलं काहीही खालून पाहून कळण्याची सोय नव्हती.

या एका घटनेत तीन गोष्टी एकत्र आल्या: परवाना, सुरक्षा आणि ऋतू. मे महिन्यातला वळीव मुंबईला नवा नाही.

ऋतूचं म्हणायचं तर पावसाळा ही या शहराची वार्षिक परीक्षा आहे आणि पेपर फुटलेला असूनही दर वर्षी काही प्रश्न अडतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेल्या. ती क्षमता 50 मिलिमीटरवर न्यावी, असं 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात आधीच लिहिलेलं होतं. कामाला वेग आला तो 2005 नंतर. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन केंद्रं उभी राहिली. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की समुद्राचं पाणी वाहिन्यांतून उलटं येऊ नये म्हणून तोंडं बंद ठेवावी लागतात आणि पाणी पंपानं बाहेर फेकावं लागतं. म्हणून अशा भरतीच्या तारखा आणि वेळा पालिका हंगामाआधीच प्रसिद्ध करते. ही चांगली सूचना आहे. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, उंची ठरलेली. पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या वाटेनं जाणारा माणूस तिच्यावरून त्या दिवशीचा बेत ठरवू शकतो.

याच्या अगदी उलट तऱ्हा नालेसफाईच्या आकड्यांची. एप्रिल-मे आला की किती मेट्रिक टन गाळ काढला, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झालं, याच्या बातम्या रोज येतात. ठरलेल्या गाळातला मोठा हिस्सा 31 मेपूर्वी, थोडा पावसाळ्यात आणि उरलेला नंतर, अशी वाटणी असते. गाळाचं वजन, डंपरच्या फेऱ्या, चित्रफिती, सगळं कंत्राटदाराचं बिल तपासण्यासाठी लागतंच, आणि मिठी नदीच्या गाळाच्या कंत्राटांवरून पोलीस चौकशी सुरू झाल्यावर त्याची गरज अधिकच पटली. पण कुर्ल्याच्या क्रांतीनगरमध्ये मिठीच्या काठाला राहणाऱ्या बाईचा प्रश्न टनांचा नसतो. तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं कल्व्हर्ट साफ झालं का, झालं असेल तर कोणत्या तारखेला, आणि नसेल तर कोणत्या अभियंत्याला विचारायचं, एवढंच तिला हवं असतं. ही माहिती कनिष्ठ अभियंत्याच्या नोंदवहीत असते, कारण त्याशिवाय बिल निघत नाही.

याच पालिकेला नेमकी सूचना देता येते, याचा पुरावा तिच्याच आरोग्य खात्याकडे आहे. 2005 च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसनं अनेक बळी घेतले. त्यानंतर मुसळधार पाऊस झाला की आरोग्य खातं सांगू लागलं: साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रतिबंधक औषध घ्या, पायाला जखम असेल तर धोका अधिक, औषध पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळेल. कोणी, किती वेळात, कुठे जाऊन काय करायचं, सगळं चार ओळींत. ही सूचना लिहिताना समोर वहीतली नोंद नसून ओल्या चपलांनी घरी आलेला माणूस होता, हे वाचताक्षणी कळतं.

पाणी साचल्यावर वस्तीनं स्वतः पाळायच्या गोष्टीही असतात. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात प्रभादेवी-परळ भागात पोटविकारांचे एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याला सापडला. पाणी ओसरावं म्हणून आसपासच्या लोकांनी झाकण उघडलं होतं, असं पोलीस तपासात पुढे आलं. त्यानंतर उच्च न्यायालयानं वारंवार कान उपटल्यावर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसू लागल्या. जाळी हा इलाज आहेच. पण ‘झाकण उघडू नका, पालिकेच्या 1916 या मदत-क्रमांकाला कळवा’ हे वाक्य त्या गल्लीत आधीच्या दहा वर्षांत कोणी किती वेळा ऐकवलं होतं?

सूचना लोकांच्या अंगवळणी कशी पडते, हे पाहायचं तर कोल्हापूरला जावं. तिथे पावसाळ्यात घरोघरी एकच विचारणा असते: बंधाऱ्याला किती फूट? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर गेली की धोका. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून 1,428 क्युसेक पाणी सुटतं. किती दरवाजे उघडले यावरून नदी किती चढणार, याचा अंदाज चहाच्या टपरीवर बांधला जातो. सांगलीत हेच काम कृष्णेवरचा आयर्विन पूल करतो, 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका. जिल्हा प्रशासन फुटा-इंचांत आकडे देतं आणि लोक ते आपापल्या गल्लीच्या भाषेत उलगडून घेतात. कोल्हापुरात सुतारवाड्यातल्या लोकांना स्थलांतर कधी करायचं हे फलकावरून शिकावं लागत नाही.

या पद्धतीची मर्यादाही तिथेच दिसली. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्याचं पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. 2005 च्या पुराची खूण ज्या पायरीवर होती, त्या पायरीच्या भरवशावर कोल्हापूर-सांगलीत अनेक जण घरातच थांबले आणि अडकले. लोकांना आकडा वाचता येत होता. पाणी आठवणीच्या पलीकडे जाणार आहे, हे सांगणारा वेगळा आवाज वेळेवर आला नाही. म्हणजे नेहमीच्या पुरासाठी आकडा पुरतो, पण अपूर्व पुरासाठी माणसानं दार ठोठावायला हवं.

पुण्याचा अनुभव आणखी ताजा. 24 जुलै 2024 च्या रात्रीपासून खडकवासल्यातून मुठा नदीत सोडलेलं पाणी वाढत गेलं आणि 25 च्या पहाटे 35 हजार क्युसेकच्या घरात पोहोचलं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना जाग आली ती तळमजल्यात पाणी शिरल्यावर. आम्हाला कोणी सांगितलंच नाही, अशी रहिवाशांची तक्रार. विसर्गाची माहिती कळवली होती, असं पाटबंधारे खात्याचं म्हणणं. महापालिकेचं म्हणणं वेगळं. 1961 च्या पानशेतच्या पुराची आठवण असलेल्या शहरात हे घडलं. एका खात्यानं दुसऱ्याला क्युसेकमध्ये संदेश पाठवला, दुसऱ्यानं तो नोंदवला, आणि पहाटे तीन वाजता सोसायटीच्या रखवालदाराला गाड्या वर काढायला सांगणारा कोणीच नव्हता. 35 हजार क्युसेक म्हणजे आपल्या दारात गुडघाभर की छातीभर, हे कोल्हापूरकर फुटांवरून सांगतो. पुण्यात नदीकाठच्या सोसायट्यांना तो हिशेब कोणी करून दिलेला नव्हता.

आता परवान्यांकडे वळू. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि 14 जण गेले. गच्चीवरच्या बेकायदा आच्छादनांवरून पालिकेनं आधी नोटिसा बजावल्याचं नंतर बाहेर आलं. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला ‘प्रपत्र ब’ म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचं असतं. म्हणजे सहा महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं उत्तर अग्निशमन दलाकडे असायला हवं. ते दारावर चिकटवलं, तर जेवायला आत शिरणारा माणूस स्वतःच निरीक्षक होईल. रोज हजारो डोळे फुकटात तपासणी करतील.

दर्शनी पाटीची ताकद किती असते, हे मराठी पाट्यांच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनं लहान दुकानांनाही मराठी नामफलक बंधनकारक झाले, सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2023 मध्ये दुकानदारांना दोन महिने दिले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पालिकेची पथकं बाहेर पडली. पाटी रस्त्यावरून दिसत असल्यामुळे कोणी नियम पाळला आणि कोणी नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. त्याच दुकानाचा आगीचा दाखला शिळा झाला असला तरी तो कपाटात असतो.

फेरीवाल्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. मुंबईत 1978 नंतर फेरीवाल्यांना नवे परवाने जवळजवळ दिलेच गेले नाहीत. परिणामी बहुसंख्य विक्रेते ‘अनधिकृत’, आणि अनधिकृत माणसाकडून हप्ता घेणं सोपं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली. तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी निवडून आलेले विक्रेते हवेत आणि रहिवासी संघटनांनाही प्रतिनिधित्व हवं. शेजाऱ्याला खुर्ची देणाऱ्या मोजक्या परवाना-कायद्यांपैकी हा एक. त्याच वर्षी मुंबईत सर्वेक्षण झालं, 99 हजारांच्या आसपास अर्ज आले, छाननीत 32 हजारांच्या आसपास पात्र ठरले, आणि समितीच्या निवडणुकीला ऑगस्ट 2024 उजाडला. दहा वर्षं ही खुर्ची रिकामी होती, आणि या काळात विक्रेता व रहिवासी एकमेकांना शत्रू समजत राहिले.

गणेशोत्सवात हेच चित्र दहा दिवसांत आटोपशीर दिसतं. मंडपाच्या परवानगीसाठी पालिकेनं एक खिडकी योजना आणली. स्थानिक पोलीस ठाणं आणि वाहतूक पोलीस यांचं ना-हरकत तिथूनच फिरतं. मंडळांचे हेलपाटे वाचले, ही खरी सोय झाली. विसर्जनाचीही माहिती आता चांगली मिळते: 2024 मध्ये मुंबईत 204 कृत्रिम तलाव होते, त्यांची विभागवार यादी लोकांपर्यंत पोहोचली. 2025 मध्ये रस्त्यात खड्डा खणल्यास दंड 2,000 वरून 15,000 रुपयांवर नेला गेला आणि मंडळांच्या विरोधानंतर पुन्हा 2,000 वर आला. ती बातमी शहरभर झाली. मात्र आपल्या रस्त्याचा कोणता भाग किती दिवस बंद राहणार, अग्निशमन दलाची गाडी कुठून आत येणार, रुग्णवाहिकेला वाट कोणती, हे चाळीतल्या लोकांना बांबू पडल्यावरच समजतं. तो नकाशा परवानगीच्या अर्जाला जोडलेला असतो.

या सगळ्यात लोकप्रतिनिधी कुठे? 74 व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. मुंबईतल्या या समित्यांत स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद आहे. मतदान केंद्राच्या पातळीवर क्षेत्रसभा घेण्याचा कायदा महाराष्ट्रानं 2009 मध्ये केला. त्या सभा भरल्याचं कोणाला आठवत नाही. मार्च 2022 मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि काही वर्षं 227 प्रभागांत निवडून आलेला एकही माणूस नव्हता. नगरसेवकावर टीका पुष्कळ होते, पण कार्यालयातला कागद गल्लीत आणण्याचं काम, चांगलं वाईट जसं असेल तसं, तोच करत असे. त्याच्या शाखेसमोरचा काळा फळा ही त्या भागाची खरी सूचना-व्यवस्था होती. पाणी उद्या उशिरा येणार, लसीकरण परवा शाळेत, अर्ज भरून मिळतील. त्याच्या गैरहजेरीत ही जागा भ्रमणध्वनीवरच्या गटांनी भरली, आणि तिथे पालिकेची खरी सूचना व गेल्या वर्षीची अफवा एकाच रंगात येतात.

नागरिकांनी स्वतः उभ्या केलेल्या व्यवस्थेचंही उदाहरण मुंबईतच आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी 1990 च्या दशकात आपल्या गल्लीचा कचरा वेगळा करायला घेतला, आणि त्यातून पालिकेनं 1997 मध्ये ‘एएलएम’, म्हणजे वस्तीपातळीवरच्या प्रगत व्यवस्थापनाची योजना शहरभर नेली. अनेक ठिकाणी ती पुढे मंदावली. पण जिथे टिकली तिथे एक गोष्ट घडली: विभाग कार्यालयातल्या अधिकाऱ्याला गल्लीतलं एक नाव माहीत झालं आणि गल्लीला अधिकाऱ्याचं.

नवा कायदा मागायची गरज नाही, असं जाणकार सांगतात ते खरंच आहे. माहितीचा अधिकार कायदा 2005 सालचा. त्याच्या कलम 4 मध्ये, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता सार्वजनिक कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या माहितीची यादी आहे, आणि दिलेले परवाने, सवलती व अधिकारपत्रं कोणाला मिळाली याचा तपशील त्या यादीत स्पष्टपणे आहे. ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सगळ्यांत परिणामकारक ठरेल अशा मार्गानं पोहोचवावी, असंही तिथेच लिहिलेलं आहे. सूचनाफलक, वर्तमानपत्रं, सार्वजनिक घोषणा यांचा नावानिशी उल्लेख आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं तर कोणती सेवा किती दिवसांत मिळेल आणि उशीर झाल्यास अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावायला सांगितलं.

एवढ्या आधारावर विभाग कार्यालयाकडे तीन गोष्टी मागता येतील. एक, प्रत्येक सी-1 इमारतीची सूचना तिच्या चारी बाजूंच्या इमारतींनाही मिळावी आणि तिच्यात तात्पुरत्या निवाऱ्याचा पत्ता, भाडेकरूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि कार्यालयाचा दूरध्वनी असावा. दोन, खाद्यगृह, सभागृह, जाहिरात फलक आणि मंडप यांच्या दर्शनी भागात परवाना कोणाचा, कधीपर्यंतचा आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेची, एवढ्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत असाव्यात. तीन, नालेसफाई, झाडांची छाटणी आणि औषध फवारणी यांचे आकडे गल्लीवार आणि तारखेवार लावावेत. यातल्या कशासाठीही नवीन माहिती गोळा करावी लागत नाही. ती बिलांत, अर्जांत आणि नोंदवह्यांत आहेच.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. शेजाऱ्यांना सगळं सांगितलं की हरकती वाढतील, मालक न्यायालयात जातील, अफवा पसरतील, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे. धोकादायक म्हणून जाहीर झालेल्या इमारतीतल्या घराची किंमत पडते, आणि यादीत नाव घालण्या-काढण्यात हितसंबंध असतात. त्यावर इलाज म्हणजे श्रेणी कोणत्या अहवालावरून ठरली आणि वाद समितीपुढे आहे का, हेही त्याच फलकावर लिहिणं. अर्धी माहिती जितकी घबराट पसरवते तितकी पूर्ण माहिती पसरवत नाही, हे लेप्टोच्या चार ओळींनी दाखवलेलं आहे.

कामाचं वेळापत्रक तर ऋतूनंच आखून दिलं आहे. मार्चमध्ये गल्लीतल्या नाल्यांची आणि छाटायच्या झाडांची यादी मागायची. मेमध्ये सी-1 इमारतींची यादी आली की तिच्यातल्या आपल्या भागातल्या इमारतींभोवतीची घरं मोजायची. जुलैत मंडपांचे अर्ज सुरू झाले की रस्त्याचा नकाशा पाहायला मागायचा. आणि जुलैअखेर प्रपत्र ब भरण्याची मुदत संपली की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक साधा अर्ज द्यायचा: या विभागातल्या कोणकोणत्या खाद्यगृहांनी आणि सभागृहांनी हे प्रमाणपत्र सादर केलं, त्यांची नावं आणि तारखा द्याव्यात. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांच्या आत, म्हणजे बहुधा गणपतीच्या आसपास, यायला हवं.